मालकाची पंगत

डिसेंबर उजाडला की पुणे-बंगळूर हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना, शिरवळपासून थेट कराडच्या पुढेपर्यंत, आणि इकडे सांगली-मिरज रस्त्यावरही, मंगल कार्यालयांच्या हिरवळीवर दिव्यांच्या माळा चढू लागतात. लग्नसराईचे दिवस असतात हे खरे. परंतु सगळ्याच माळा लग्नाच्या नसतात. कापसाचा बर्फ, कागदाच्या चांदण्या, दाराशी लाल टोप्यांची टोपली, असा थाट दिसला की समजावे, आज कोणा कारखान्याच्या, पतपेढीच्या नाही तर खाजगी इस्पितळाच्या नोकरवर्गाला मालकाकडून जेवण आहे. कोणी त्याला नाताळची पार्टी म्हणतो, कोणी वार्षिक स्नेहसंमेलन म्हणतो. नाव काहीही असो, आमच्या भागात हा एक नवा सण आला आहे आणि तो आता जायचा नाही.

या सणाविषयी दोन मते ऐकू येतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, ही परक्यांची थेरे आहेत. आम्हांला खंडेनवमी आहे, दिवाळी आहे, मग हे लाल टोपीचे सोंग कशाला? दुसरा पक्ष म्हणतो, अहो, वर्षभर माणसे राबतात. एक रात्र खाऊ-पिऊ द्या, नाचू द्या. प्रत्येक गोष्टीत कीस काढू नका. या दोन्ही पक्षांशी माझे भांडण आहे. पहिल्याला एवढेच सांगतो की, नाताळ या भागात परका नाही. त्याचा पुरावा पुढे देतो. दुसऱ्याला मात्र जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण एके काळी मी त्याच पक्षात होतो आणि त्या पक्षाची किंमत दुसऱ्याच कोणी तरी मोजताना मी पाहिली आहे.

दहाएक वर्षांपूर्वी मी याच भागातल्या एका कारखान्यात हिशेबनीस होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तसे कारखाने पुष्कळ आहेत. हजेरीपटावर नव्वद माणसे आणि ठेकेदाराकडची पन्नास. त्या वर्षी मालकांच्या मुलाच्या मनात आले की, दिवाळीचे फराळवाटप जुने झाले. आता नाताळची पार्टी करू. चोवीस डिसेंबरची रात्र ठरली. 'सर्वांनी सहकुटुंब यावे' अशी पाटी लागली आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत 'उपस्थिती आवश्यक'. त्या दोन शब्दांचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. आज वाटते, साऱ्या अनर्थाचे मूळ त्या बारीक अक्षरांतच होते.

कारखान्यात एकच ख्रिस्ती कामगार होता. मिरजेचा, हाताने अतिशय सफाईदार असा टर्नर. नाताळ ज्याचा, तो तोच एकटा. त्याने पंचवीस तारखेची रजा मागितली. ती मिळाली नाही, कारण चोवीसच्या रात्री सगळे जागणार, दुसऱ्या दिवशी हजेरी कमी पडणार, तेव्हा मागणी करणाऱ्या प्रत्येकाची रजा आधीच नामंजूर झाली होती. वर त्याला सांगण्यात आले की, तू ख्रिश्चन आहेस, तेव्हा दाढी लावून, पोटाला उशी बांधून सांताक्लॉज तूच हो. तो झाला. मुलांना गोळ्या वाटल्या. मध्यरात्रीच्या उपासनेला त्याच्या घरची माणसे चर्चमध्ये बसली होती तेव्हा तो हिरवळीवर खोट्या दाढीत घामाघूम होऊन उभा होता, आणि सकाळी सातच्या पाळीला लेथवर हजर होता. म्हणजे येशूच्या जन्माचा सोहळा आम्ही केला आणि येशूचे नाव घेणाऱ्या एकुलत्या एका माणसाला त्या सोहळ्यापासून दूर ठेवून केला! यापेक्षा धडधडीत विनोद मी तरी पाहिलेला नाही. मात्र त्या वेळी आम्ही सगळे भलत्याच गोष्टींवर हसत होतो.

दुसरी गोष्ट विनोदाची नाही. माल बांधण्याच्या खात्यात ठेकेदाराकडच्या पंधरा-सोळा बायका होत्या. त्यांना आणण्यासाठी संध्याकाळी दोन गाड्या सोडल्या, कारण साहेबांच्या भाषणाला गर्दी दिसली पाहिजे. परतीची एकच गाडी होती आणि ती रात्री साडेबाराला सुटणार होती. त्यांतल्या एकीचे गाव फाट्यापासून तीन मैल आत. साडेनऊला ती उठली. घरी तान्हे मूल होते. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, चल, मी सोडतो. त्याच्या तोंडाला वास येत होता हे माझ्यासह चौघांनी पाहिले. कोणी काही बोलले नाही. नंतर ती कामावर आली नाही. महिनाअखेर तिचा भाऊ हिशेब घ्यायला आला. त्याने पैसे मोजले नाहीत आणि मान वर करून पाहिलेही नाही. काम सोडण्याचे कारण लिहायच्या रकान्यात मी लिहिले, 'घरगुती अडचण'. माझे अक्षर चांगले आहे.

त्या पार्टीच्या खर्चाचा तक्ता मीच तयार केला होता. हिरवळीचे भाडे, मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक, ताटागणिक जेवण. आणि 'इतर' म्हणून एक मोठी रक्कम, ती दारूची. 'परतीची वाहतूक' या ओळीपुढे एकाच गाडीचे भाडे होते. ती ओळ मी तपासली, बेरीज जमली, सही केली. हिशेबात चूक नव्हती.

हे सांगितल्यावर आता मूळ मुद्द्याकडे येतो. मालकाने दिलेले आमंत्रण हे आमंत्रण नसते. माझ्या घरी मी तुम्हांला जेवायला बोलावले आणि तुम्ही आला नाहीत तर फार तर मी रागावेन. पण ज्याच्या हाती तुमची बढती आहे, रजा आहे, ठेक्याचे नूतनीकरण आहे, त्याने हसतमुखाने 'या हं' म्हटले की ती आज्ञा होते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला आपण पाहुणा कसे म्हणणार? तो त्या रात्रीही कामावरच आहे. फक्त त्या कामाला मजुरी नाही. आणि तो कामावर असेल तर त्याच्या जिवाची, अब्रूची आणि घरी पोचण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. ती मंगल कार्यालयाच्या फाटकाशी संपत नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवी या साथिनीवर १९९२ मध्ये, सरकारी काम केल्याबद्दल, जो अत्याचार झाला, त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक नियम घालून दिले. त्यांवरून २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्यात 'कामाचे ठिकाण' याची व्याख्या कारखान्याच्या भिंतीपाशी थांबत नाही. नोकरीच्या निमित्ताने स्त्री जिथे जिथे जाते ते ठिकाण आणि मालकाने त्यासाठी दिलेले वाहन, हे सारे त्यात येते. आणि 'कर्मचारी' या शब्दात कायम नोकर येतो तसाच रोजंदारीवरचा येतो, शिकाऊ येतो, ठेकेदाराने आणलेलाही येतो. दहा किंवा अधिक माणसे जिथे कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत, एक सभासद बाहेरचा हवा. समिती नेमली नाही तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. दहांहून कमी माणसे असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. आमच्या कारखान्यात समिती होती. ती एका फलकावर होती. त्या बायकांपैकी एकीलाही तो फलक कुठे लावला आहे हे ठाऊक नव्हते; तो साहेबांच्या खोलीत लावला होता.

पण मी कायद्याच्या भरवशावर हे लिहीत नाही. कायद्याचे बोट धरून चालणारा मालक कायदा झोपला की बसून घेतो. मला आठवण करून द्यायची आहे ती आपल्याच इतिहासाची. मालकाने खुशीने द्यायची वस्तू म्हणून जे सुरू होते ते पुढे हक्क होते, हे आपण एकदा पाहिले आहे. मुंबईच्या गिरण्यांत १९१७ मध्ये लढाईच्या काळातली बक्षिसी म्हणून बोनस सुरू झाला. मालक म्हणत, आम्ही खूश आहोत, घ्या. खुशी संपली तेव्हा बक्षिसीही संपली आणि १९२४ मध्ये गिरण्या बंद पडल्या. चाळीसएक वर्षे झगडा चालला. १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क ठरला आणि पुढे त्याची किमान मर्यादा ८.३३ टक्के झाली. म्हणजे बारा महिन्यांच्या पगाराचा बारावा हिस्सा, सरळ एक महिना. आज दिवाळीचा बोनस घेताना कोणी मान खाली घालत नाही. मग वर्षाचे एक जेवण तेवढे मेहेरबानी म्हणून का वाढावे? वाढायचे असेल तर जेवणाऱ्याच्या मानाने वाढा.

आता पहिल्या पक्षाकडे, नाताळ परका म्हणणाऱ्यांकडे, वळतो. मिरजेच्या मिशन इस्पितळाची स्थापना १८९४ ची. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी ते उभारले आणि कृष्णाकाठच्या तीन-चार पिढ्यांनी तिथे डोळे, हाडे आणि पोटे दुरुस्त करून घेतली. तिथल्या खाटेवर नाताळ काढलेली हिंदू-मुसलमान माणसे या दोन जिल्ह्यांत किती असतील! साताऱ्याकडे पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला येऊन राहिले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' भरवला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात सारखी जागा होती. नाताळ असा मराठीत, अभंग-कीर्तनाच्या अंगाने आपल्यात केव्हाच आला आहे. परका आहे तो कापसाचा बर्फ. आणि खरे सांगायचे तर मिरजेच्या ख्रिस्ती माणसालाही तो तितकाच परका आहे.

आणि एकत्र जेवण्याची रीत आपल्याला बाहेरून शिकावी लागेल असेही नाही. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांना दर्ग्याने पहिल्या मानाला बसवले. साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत. १९२७ मध्ये गांधीजींनी येऊन त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकामागून एक काढून दिले. भाऊराव हे त्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकणारे फिरते विक्रेते होते. म्हणजे कारखानदारी आणि पंगत या दोन्ही गोष्टी या माणसाने आतून पाहिल्या होत्या. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि समाजाने गुन्हेगार म्हणून ओवाळून टाकलेल्या माणसांच्या हाती वाडीची राखण दिली. ही उदाहरणे मी गौरवासाठी देत नाही. आमचे आजचे कारखानदार त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावतात म्हणून देतो.

याच साताऱ्याची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. १९०१ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्यातल्या काही मुलांना त्यांच्या वडिलांनी खटाव तालुक्यात आपल्या नोकरीच्या गावी बोलावले. मुलांनी नवे कपडे घातले, शिदोरी बांधली, आगगाडीने मसूरला उतरली. वडिलांकडून न्यायला कोणीच आले नाही. मुलांचे पत्र वडिलांच्या हाती पोचलेच नव्हते, गड्याने ते दिले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरले, गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी स्वतः हाकून मुले निघाली. रात्र पडली. शिदोरी होती, पण वाटेत पाणी कोणी देईना. जवळ अन्न असून ती मुले उपाशी राहिली. त्यांतला एक मुलगा भीमराव आंबेडकर. पुढे त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. बोलावणे खरे होते, मायेचे होते. चुकले ते वाटेवरचे. पत्र पोचले का, न्यायला कोण जाणार, वाटेत पाणी कोण देणार, हे सगळे नुसत्या मायेने होत नाही, ते कोणाला तरी नेमून द्यावे लागते. तिथे बापाचा दोष नव्हता. आमच्या हिरवळीवर मात्र यजमानाला सगळे माहीत होते, हिशेबनीसालाही माहीत होते, आणि तरी वाट कोणावर सोपवली नव्हती.

मग करावे काय? सांगतो, आणि यात एकही गोष्ट अशी नाही की जिला मोठे भांडवल लागते.

प्रथम विचारा. आठ-दहा माणसे बसवा. त्यांत एक बाई माल बांधण्याच्या खात्यातली हवी, एक झाडूवाला हवा, एक रात्रपाळीचा हवा. साहेबांच्या मुलाला नाच हवा आहे म्हणून एकशेचाळीस माणसांना तो हवा आहे असे नव्हे. आणि 'उपस्थिती आवश्यक' हे शब्द पुसून टाका. जो येणार नाही त्याला कारण विचारू नका, त्याच्या पगारातून वर्गणी कापू नका आणि मार्चमध्ये बढतीच्या वेळी त्याची आठवण काढू नका.

मग वेळ. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. साखर कारखान्याचा बॉयलर कोणाच्या सणासाठी विझत नाही. तीन पाळ्या चालतात. संध्याकाळी सातला पंगत मांडली की दुसऱ्या पाळीचा माणूस आपोआप वगळला जातो आणि त्याला दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या डब्यात गार गुलाबजाम मिळतो. दोन वेळा पंगत बसवा, किंवा दुपारी बसवा. दुपारच्या जेवणाने निम्मे प्रश्न सुटतात: बायकांना उजेडी घरी जाता येते, ध्वनिक्षेपकाचा धिंगाणा कमी होतो आणि दारूचा आग्रह करायला लोकांना थोडी लाज वाटते. नाताळच्याच नावाने करायचे असेल तर पंचवीसला ख्रिस्ती माणसाला आधी रजा द्या आणि जेवण अठरा-वीसला करा. ज्याचा सण, त्याला तो घरी करू द्यावा. आपण त्याच्या निमित्ताने जेवावे. त्याला सांताक्लॉज करू नये, जसे दिवाळीला कोणा हिंदूला आपण बळिराजा करीत नाही.

मग ताट. डिसेंबरात पुष्कळदा मार्गशीर्षातले गुरुवार येतात. घरोघरी बायकांचे महालक्ष्मीचे व्रत असते, घट मांडलेला असतो. त्या दिवशी मटणाचे जेवण ठेवले की निम्म्या बायका कोशिंबीर खाऊन उठतात. मुसलमान माणूस विचारतो, बकरे कोणी कापले? जैन विचारतो, कांदा-लसूण आहे का? हे चोखंदळपणाचे प्रश्न नव्हेत. ही माणसे आयुष्यभर असेच जेवत आली आहेत. ताटांवर चिठ्ठ्या लावा, वाढपी वेगळे ठेवा, पळ्या वेगळ्या ठेवा. मात्र पंगत एकच असू द्या. शाकाहाराच्या नावाखाली दोन मांडव घालून वरच्या मांडवात वरची माणसे आणि खालच्या मांडवात खालची, हा खेळ आम्ही ओळखतो. आणि वाढणारे, ताटे उचलणारे, मोऱ्या धुणारे तुमच्याच कारखान्याचे सफाईवाले असतील, तर ते त्या दिवशी पाहुणे आहेत. त्यांच्या हातचे खराटे काढून घ्या. एका ठिकाणी मी पाहिले आहे की, सगळ्यांची छायाचित्रे निघाली आणि ज्यांनी चारशे ताटे घासली ती तीन माणसे कोणत्याच छायाचित्रात नव्हती.

दारूविषयी दोन शब्द. मी कोणाला उपदेश करीत नाही. परंतु ज्या सातारा जिल्ह्यात, जावळीसारख्या तालुक्यात, बायकांनी रांगा लावून आडव्या बाटलीला मते दिली आणि गावची दुकाने बंद पाडली, त्याच जिल्ह्यात मालकाने 'इतर' या नावाखाली तीच बाटली उभी करून द्यावी, हे मला कळत नाही. प्यायची हौस असेल त्याने आपल्या पैशाने, आपल्या वेळी प्यावी. मालकाच्या हातची दारू प्यालेल्याला नको म्हणणे जड जाते, आणि न प्यालेल्या बाईला प्यालेल्या वरिष्ठाला नको म्हणणे त्याहून जड. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य सापडले तर गाडी चालवणारा गुन्हेगार ठरतो. पहिल्याच खेपेला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे ज्या रात्री मालकाने कामगारांना पाजले आणि दुचाकीवर बसवून वाटेला लावले, त्या रात्री त्याने त्यांना तुरुंगाच्या नाही तर घाटातल्या वळणाच्या हवाली केले, असाच त्याचा अर्थ.

आणि सर्वांत शेवटी, खरे तर सर्वांत आधी, परतीची वाट. जितक्या गाड्या आणायला, तितक्याच पोचवायला. एक गाडी लवकर सुटणारी, कारण तान्ह्या मुलाला साडेबारा कळत नाहीत. गाडी फाट्यावर सोडणारी नको, दारात सोडणारी हवी. गाडीत एक जबाबदार बाई हवी, आणि न प्यालेला एक वरिष्ठ माणूस असा हवा की शेवटची बाई घरी पोचल्याचा फोन आल्याखेरीज ज्याने झोपायचे नाही. समितीच्या सभासदांची नावे आणि फोनचे आकडे दाराशी, टोप्यांच्या टोपलीशेजारी लावा. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी उतरण आहे का, हे मांडव घालण्याआधी पाहा. कोणाला नाचायला ओढू नका, विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र मोबाइलवरून गावभर पाठवू नका. भेटवस्तू द्यायची तर साहेबांना चांदीचे नाणे, कामगाराला मिठाईचा डबा आणि ठेक्याच्या माणसाला नुसता नमस्कार, अशी उतरंड लावू नका. एकच वस्तू, सगळ्यांना सारखी.

यावर आक्षेप येणार, तो मला पाठ आहे. 'एवढे नियम घातले तर मजा काय राहिली?' मी विचारतो, कोणाची मजा? त्या रात्री टर्नरला मजा आली नव्हती. त्या बाईला आली नव्हती. दुसऱ्या पाळीच्या माणसांना, ताटे घासणाऱ्यांना, उपाशी उठलेल्या व्रतस्थ बायकांना आली नव्हती. मजा आली ती पहिल्या रांगेतल्या पंधरा-वीस जणांना, आणि ते म्हणत होते की सगळ्यांना आली. ज्या आनंदाला दाराची कडी नीट लागलेली सोसत नाही, तो आनंद मला संशयास्पद वाटतो. लग्नघरात मुलीचा बाप रात्रभर फिरून पाहत असतो, पाहुण्यांना अंथरूण मिळाले का, म्हातारीला औषध मिळाले का, शेवटच्या गाडीत जागा आहे का. त्याने लग्नाची मजा जाते असे आजवर कोणी म्हटलेले नाही. उलट त्या फिरण्यालाच आपण आगतस्वागत म्हणतो.

दुसरा आक्षेप धूर्त आहे: 'एवढी कटकट असेल तर आम्ही जेवणच बंद करतो.' हा मालकांचा जुना डाव आहे. बोनसच्या वेळीही तोच होता. माझे उत्तर असे: बंद करा, पण खरे कारण पाटीवर लिहा. लिहा की, बायकांना सुखरूप घरी पोचवणे आम्हांला परवडत नाही, म्हणून यंदा जेवण नाही. ती पाटी लावण्याचे धैर्य ज्याला असेल त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

आणि आपली खंडेनवमी? काही कारखान्यांत नवमीला यंत्रे धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालतात. मुसलमान वेल्डर आपल्या यंत्राला आपल्या हाताने माळ घालतो, कोणी त्याला घाल म्हणत नाही आणि घालू नको म्हणत नाही. पेढा हातावर पडतो. खायचा की खिशात ठेवायचा हे ज्याचे तो ठरवतो. अकरा वाजता सगळे संपते, बायका उजेडी घरी जातात. या साध्या सणात जे आहे तेच त्या दिव्यांच्या माळांखाली आणा, एवढेच माझे मागणे आहे. मग त्याला नाताळ म्हणा, स्नेहसंमेलन म्हणा, काहीही म्हणा.

यंदाही डिसेंबर येईल. कुठल्या तरी कारखान्यात माझ्यासारखाच कोणी हिशेबनीस खर्चाचा तक्ता करायला बसेल. हा अंक त्याच्या हाती पडला तर त्याला माझे एकच सांगणे आहे. बाबा रे, बेरीज जमली म्हणून सही करू नकोस. 'परतीची वाहतूक' या ओळीवर बोट ठेव, आणि तिथे पुरेसा आकडा नसेल तर कागद घेऊन साहेबांच्या खोलीत जा. साहेब रागावतील. रागावू देत. मी त्या दिवशी गेलो नाही. त्यानंतर एका बाईच्या नावापुढे मला खोटे कारण लिहावे लागले, आणि ते अजून त्या वहीत माझ्या सुरेख अक्षरात तसेच आहे.